शिकवणी, अभ्यास आणि घरच्या सवयी: तुमच्या आईवडिलांनी काय सांगितलं होतं? (अनुभव धागा)

गवतीचहा
परवा सोसायटीच्या गेटपाशी एका आईने थांबवलं. "सिनियर केजीसाठी जवळपास कोणी शिकवणी घेतं का हो? हुशार आहे, पण एका जागी बसत नाही." पाच वर्षांचं मूल एका जागी बसत नाही म्हणून शिकवणी. तेव्हापासून दादांची (माझे वडील) आठवण डोक्यातून जात नाहीये.

दादा एसटीत कंडक्टर. कधी पहाटेची पहिली गाडी, कधी मुक्कामी. सातवीत मला गणित जाईना आणि वर्गातल्या निम्म्या मुली एका सरांकडे जायच्या, म्हणून मीही हट्ट धरला. दादा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "लावू. पण शिकवणी म्हणजे औषध आहे. दुखतं कुठं ते आधी सांगता आलं पाहिजे. मला तुझं गणित येत नाही, तू मोठ्याने वाचत सोडव, मी ऐकतो." ते तिकिटांचा हिशोब लावत बसायचे आणि मी शेजारी बडबडत समीकरणं सोडवायची. मी जिथे अडखळायचे तिथे ते पेन्सिलीने खूण करायचे. थोड्याच दिवसांत दिसलं की समीकरण मला येत होतं. अडत होता अपूर्णांकांचा लसावि, म्हणजे पाचवीतलं दुखणं. मग दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे फक्त अपूर्णांक शिकायला पाठवलं. सुट्टी संपली, शिकवणी संपली. मोठ्याने वाचत सोडवायची सवय मात्र बारावीपर्यंत राहिली.

माझं अजून तेच मत आहे. काय येत नाही हे मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगता येणं, ही सवय घरी लागते. ती असली की कुठलीही शिकवणी उपयोगी पडते. तुमच्या घरी काय सांगायचे? शिकवणी, पाढे, उठायच्या वेळा, काहीही लिहा.

कढीलिंब
परवचा!! शुभंकरोती झालं की तिथेच पाटावर तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी. आजोबांना औटकीसुद्धा पाठ होती, म्हणजे साडेतीनचा पाढा. आमची आजी शाळेत गेली नव्हती, पण रोज ऐकून ऐकून तिलाही सगळं पाठ. कापडाच्या दुकानात साडेतीन मीटरचे पैसे मालकाच्या आधी सांगायची. आता कुकर लावलाय, नंतर येते.

ऑरेंजबर्फी
आमच्या बाबांनी कधी काही सांगितलंच नाही बाप्पा. सकाळी सहाला येऊन पंखा बंद करत. नागपुरात, मे महिन्यात. कोण झोपून राहील :) आज मी चाळिशी ओलांडली तरी सहाला आपोआप जाग येते.

कढीलिंब
@ऑरेंजबर्फी हाहाहा, आमच्याकडे पांघरूण ओढायचे. पंखा जास्त परिणामकारक दिसतोय, लेकीवर करून बघते.

रानजाई
मी सांगलीत घरी शिकवण्या घेते, बरीच वर्षं झाली. दादांचं वाक्य माझ्या खोलीत भिंतीवर लावावंसं वाटलं.

तिसरीच्या आतलं पोर मी घेत नाही. त्या वयाला गोष्टी ऐकायला, मातीत खेळायला, बटणं लावायला शिकू द्या. मोठं पोर आलं की पहिल्या दिवशी आईबाबांना बाहेर बसवते आणि त्याला मराठीचा एक धडा वाचायला देते, गणितासाठी आलं असलं तरीही. आठवीत गणितात मागं असलेली कित्येक पोरं खरं तर उदाहरण नीट वाचत नाहीत. 'द.सा.द.शे. ८ दराने' म्हणजे काय ते विचारलं की गप्प. सूत्र पाठ असतं, पण दर साल दर शेकडा म्हणजे शंभर रुपयांवर वर्षाला आठ रुपये, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

मग पालकांना आत बोलावते. झोपतो किती वाजता, घरात अभ्यासाला कोपरा कुठला, आणि शाळेत बाईंना भेटलात का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. शाळेतल्या बाई रोज सहा तास बघतात त्याला, मी एक तास. आधी त्यांना भेटून या, मग माझ्याकडे.

आणि पोर आपणहून प्रश्न विचारायला लागलं की मी आईला सांगते, आता बंद केलं तरी चालेल. फी जाते ती जाऊ दे. त्याला सोडून जाता आलं पाहिजे, नाहीतर दहावीतसुद्धा "मॅडम, आता काय करू" म्हणून बसून राहतं.

मोगरा२२
रानजाई, किती छान लिहिलंय. सांगलीत कुठे? माझी बहीण विश्रामबागला राहते, तिच्या मुलासाठी विचारते.

रानजाई
@मोगरा२२ व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय बघा.

पाटाचंपाणी
सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. पण आमच्याकडं ऐकणारं कोणी नव्हतं. आई अंगठा लावायची. दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन साखर कारखान्यावर जायचे, ते उन्हाळ्यात परत. मी बीड जिल्ह्यात आजीपाशी. वस्तीवरची बरीच लेकरं आईबापाबरोबर फडावर जायची आणि त्यांची शाळा तिथंच सुटायची. मी राहिलो ते शाळेतल्या एका गुरुजींमुळं. शाळा सुटली की आम्हाला चारदोन पोरांना थांबवायचे, एक पैसा न घेता. नवोदयची (सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करून घ्यायचे. पुस्तक एकच, म्हणून मानसिक क्षमतेच्या आकृत्या फळ्यावर काढायचे आणि आम्ही मातीत काडीनं. अंधार पडला की सायकलवर बसवून आजीपाशी सोडायचे.

आईचा सल्ला एकच होता. फडावर जायच्या आदल्या रात्री म्हणायची, "मास्तर बस म्हणले की बसायचं. ऊठ म्हणेस्तोवर उठायचं नाही." मी तेवढंच केलं. आज नोकरीत आहे, आईला फडावरून उतरवून चांगला काळ झाला.

म्हणून कोणी शिकवणीला सरसकट नावं ठेवली की मला बरं वाटत नाही. ज्याच्या घरात दिवा लावून बसायला माणूस नाही त्याला ती लागते.

ऑरेंजबर्फी
@पाटाचंपाणी दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

गवतीचहा
@पाटाचंपाणी दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. दादांना निदान हिशोब येत होता, शेजारी बसायला वेळ होता. तुमच्या गुरुजींनी तेच काम केलं, शेजारी बसण्याचं. ते आता असतात कुठे?

पाटाचंपाणी
निवृत्त झाले. गावीच असतात. दर दिवाळीला जातो.

फळाखडू
जिल्हा परिषदेत शिक्षिका होते. वरच्या गुरुजींसारखी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून फार बरं वाटलं. फुकट थांबवून शिकवणं आणि शिकवणी लावायला सांगणं यात मोठा फरक आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेताच येत नाही. पालकांना हे माहीत नसतं. 'वर्गात सगळं सांगत नाहीत, घरी या म्हणतात' असं कोणी सांगितलं की मी म्हणायचे, लेखी द्या. कोणी देत नसे, मूल त्याच वर्गात असतं ना.

असर नावाच्या शिक्षणस्थितीच्या पाहणीत ग्रामीण भागातल्या पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे भरून शिकवणीला जाणारी २०१८ मध्ये २६.४ टक्के होती, २०२२ मध्ये ३०.५ झाली. देशभरचा आकडा आहे. मधे शाळा बंद होत्या, ती तूट भरून काढायला गरीब घरांनीही पैसे मोजले. ती तूट शाळेत भरून निघायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

बाकी अंगणवाडीच्या वयाबद्दल: ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मग अनुताई वाघ आणि त्या कोसबाडला. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. पानं, बिया, खडे हेच साहित्य. एका जागी न बसणाऱ्या मुलांसाठी ऐंशी वर्षांपूर्वी एवढा विचार झालाय आपल्याकडे.

निळीशाई
घाईत विचारतेय, धाग्याशी थोडं सुटं आहे. मुलगा दुसरीत, डावखुरा. अक्षर वाकडं येतं म्हणून शाळेतून सुंदर हस्ताक्षराचा क्लास लावा म्हणतात. सासूबाई म्हणतात उजव्या हाताची सवय लावा. कोणाला अनुभव?

टपालपेटी
हात अजिबात बदलू नका. मी डावखुरा आहे, माझ्या आईने आजीला ठाम सांगितलं होतं, पोराचा हात पोराचा आहे. वही सरळ ठेवायला लावू नका, तिचा वरचा भाग उजवीकडे झुकवा, म्हणजे मनगट वळवावं लागत नाही आणि लिहिलेलं दिसतं. पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या. बाकावर डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी कोपर भिडतं. क्लासच्या आधी हे करून बघा.

निळीशाई
खूप आभार! बाकाचं तर कधी सुचलंच नव्हतं. उद्याच बाईंना सांगते.

काळीमाती
मी लातूरचा. आमच्याकडं बाहेरगावची लेकरं येऊन राहतात, रूम, मेस, क्लास, अभ्यासिका. नव्वदच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत इथली नावं झळकली तेव्हापासून लातूर पॅटर्न म्हणतात. त्या पॅटर्नचा गाभा काय होता ते लोक विसरले. सराव परीक्षा, लगेच तपासणी, आणि चूक झाली तिथंच पुन्हा शिकवणं. गवतीचहा ताईंचे दादा घरात हेच करत होते.

माझी लेक आता अकरावीला, नीटची तयारी करते. १८० प्रश्न, ७२० गुण, हे आकडे घरात दिवसातून शंभरदा ऐकू येतात. पण माझ्या वडिलांचा एक नियम मी चालू ठेवलाय. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, आणि ताटावर मार्कांचा विषय काढायचा नाही. सुरुवातीला जेवताना बोलायला काही सुचायचंच नाही. आता ती मेसमधल्या मैत्रिणींच्या गोष्टी सांगते. त्यातलं एक लेकरू रोज रडायचं, हे आम्हाला जेवतानाच कळलं. तिच्या आईला मी फोन केला. दोन दिवस येऊन राहिल्या त्या.

सातबारा
@काळीमाती नियम फार आवडला.
कोणाला माहीत नसेल तर: केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरनी प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावा. तरी सहावीच्या फाउंडेशनचे फलक चौकाचौकात आहेत. फी विचारायला गेलात तर आकडा १८ टक्के जीएसटी धरून आहे का ते विचारा. आणि आयकराच्या जुन्या पद्धतीतल्या वजावटीत शाळा-कॉलेजची ट्यूशन फी बसते, खासगी क्लासची बसत नाही. माझ्याकडे दर मार्चमध्ये लोक क्लासच्या पावत्या घेऊन येतात.

कढीलिंब
आले परत. कुकर झाला, भाजी झाली. डब्याला भेंडी दिली की लेक परत आणते, पण तीच भेंडी तिने स्वतः पुसून चिरली तर डबा रिकामा येतो. माझी आई सांगायची, मुलाला कामात घे, जेवण आपोआप होतं. अभ्यासालाही लागू पडतं. शनिवारी दुकानाच्या यादीची बेरीज तीच करते.

मोगरा२२
भेंडी चिकट होत नाही? मुलांनी चिरली की?

कढीलिंब
@मोगरा२२ आदल्या रात्री धुऊन पंख्याखाली पसरायची, सकाळी कोरडी चिरायची. परतताना थोडं आमसूल. आणि झाकण नाही ठेवायचं.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून. इथे देशी घरांत कुमॉन नावाचे गणिताचे क्लास जोरात. त्याची सुरुवात मला आवडते. १९५४ मध्ये जपानमधले गणिताचे शिक्षक तोरू कुमॉन यांनी दुसरीतल्या स्वतःच्या मुलासाठी रोज थोडी थोडी गणितं कागदावर लिहून द्यायला सुरुवात केली. म्हणजे मुळात एका बापाने घरी लावलेली सवय. आम्ही सेंटरला न जाता तेच करतो, नवरा रात्री दुसऱ्या दिवसाचा कागद लिहून फ्रिजवर लावतो. मराठीसाठी रविवारची मराठी शाळा आहे आणि शनिवारी आजीला व्हिडिओ कॉल. आजी पाढे मराठीतूनच घेते. 'बेचाळीस' ऐकून मुलगा अजून हसतो, पण उत्तर देतो.

पिंपळपान
धागा वाचून लिहावंसं वाटलं. मुंबईत असतो. माझा मुलगा बोलायला तरतरीत, पण वाचताना ओळ सुटायची, 'कप'चं 'पक' व्हायचं. एका शिकवणीत बाई म्हणाल्या आळशी आहे, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले लाडावलाय. माझ्या आईने त्याला गोष्टी सांगताना पाहिलं होतं. ती म्हणाली, "एवढी लांब गोष्ट ज्याच्या लक्षात राहते तो आळशी नसतो. डॉक्टरला दाखव." तिसरीत तपासणी झाली, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) निघाला. मग नेहमीची शिकवणी बंद केली आणि रेमेडियल शिक्षिका लावल्या, आठवड्यातून दोनदा. अक्षरं हाताने गिरवत, आवाज काढत शिकवतात. आता सातवीत आहे. सावकाश वाचतो, पण वाचतो.

आईवडिलांना एवढंच सांगेन: शिकवण्या बदलूनही तेच होत असेल तर मुलाला रागावू नका, तपासून घ्या.

रानजाई
@पिंपळपान आजींचं निरीक्षण किती नेमकं. माझ्याकडं सध्या एक मुलगी आहे, पाचवीत, अगदी असंच. तिचे आईबाबा मुंबईला न्यायला तयार आहेत. कुठं दाखवलंत, काय काय लागतं? खर्च?

पिंपळपान
@रानजाई आम्ही शीवच्या महापालिका रुग्णालयातल्या एलडी क्लिनिकला (शिकण्यातल्या अडचणी तपासतात तिथे) गेलो. सरकारी असल्याने खर्च खासगीपेक्षा खूपच कमी, पण रांग असते, तारखा पुढच्या मिळतात, तेव्हा लगेच नाव नोंदवायला सांगा. शाळेचं पत्र, आधीच्या वर्षांची प्रगतिपत्रकं आणि तिच्या वह्या बरोबर न्यायच्या. वह्या नीट करून नेऊ नका, जशा आहेत तशाच हव्यात. डोळे आणि कान आधी तपासून घेतलेले बरे. एका दिवसात होत नाही, दोनतीन फेऱ्या धराव्या लागतात. प्रमाणपत्र मिळालं की शाळेत द्या, दहावीला तासाला २० मिनिटं जास्त मिळतात. आणखी काही लागलं तर व्यनि करा, मी फोनवर सविस्तर सांगतो.