'कोफून'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: जपानच्या प्राचीन इतिहासावरचा लेख मराठीत आणतेय. इ.स.च्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून तिथे राजे-सरदारांच्या दफनावर मातीचे प्रचंड ढीग रचले गेले, तेच 'कोफून'. मी 'थडगं' लिहिलं, संपादकांनी 'स्तूप' केलं. मला ते पटत नाही. बौद्ध धर्म जपानात पोचला सहाव्या शतकात, तोवर यांतले सर्वांत मोठे बांधून झाले होते.

कोरडवाहू: स्तूप नकोच. पण थडगं म्हणजे गुडघाभर चौथरा. जपानातल्या साकाई शहरातला दाइसेन कोफून जवळपास अर्धा किलोमीटर लांब आहे, भोवती तीन खंदक! 'समाधी' म्हणा.

रानजाई: समाधीखाली देह असतोच असं नाही, रायगडावर महाराजांचं दहनच झालं. कोफूनात शवपेटी, आरसे, तलवारी, सगळं पुरलेलं असतं.

झाडीपट्टी: मग सरळ 'दफनटेकाड' करा. आमच्या विदर्भात जुनापाणी-माहुरझरीच्या दफनांना 'शिळावर्तुळं' म्हणतातच की. दिसतं ते सांगणारा शब्द.

खापरी: टेकाड म्हटलं की मला पांढर आठवते. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, खापरं, पडक्या भिंतींची माती साचून ती आपसूक चढत जाते. कोफून हुकमानं उभा राहिला. कुणी राबवलं, कुणाला खाऊ घातलं, यातच खरा इतिहास आहे. त्यातून पुढे चौकोन, मागे गोल हा ठरावीक आकार दक्षिणेच्या क्यूशू बेटापासून उत्तरेच्या तोहोकू प्रदेशापर्यंत सापडतो. दूरदूरचे सरदार यामातोच्या, म्हणजे मध्य जपानातल्या तेव्हाच्या प्रबळ सत्तेच्या, राजांशी बांधले गेल्याची ही खूण मानतात. शब्दात 'रचलेलं' यायलाच हवं.

रानजाई: लेखात पुढे 'complex society'साठी 'जटिल समाज'ही आहे. चालेल?

कोरडवाहू: नको, हिंदी वाटतं. 'उतरंडीचा समाज' म्हणा, अस्सल मराठी.

झाडीपट्टी: जटिल संस्कृत आहे, मराठी वर्तमानपत्रांत रोज येतो. शिवाय उतरंडीत फक्त वर-खाली येतं. कोफूनांच्या आधीच्या यायोई काळातलं योशिनोगारी हे क्यूशूतलं गाव बघा: खंदक, टेहळणीचे मनोरे, धान्याची कोठारं, कारागीर. हे सगळं उतरंडीत कसं मावेल?

खापरी: योशिनोगारीत तोंडाला तोंड लावलेल्या दोन मोठ्या मडक्यांत माणसं पुरलेली दोन हजारांवर दफनं आहेत. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात लहान मुलं अशीच पुरलेली सापडली, घराच्या जमिनीखाली. मराठी पुस्तकांत याला 'कुंभदफन' म्हणतात. मला 'रांजणदफन' हवं.

कोरडवाहू: कुंभ रूढ आहे, कशाला मोडता?

खापरी: कुंभ डोक्यावर घेता येतो. मोठा माणूस मावेल तो रांजणच. आमच्या आजोळी तो अर्धा जमिनीत पुरलेला असायचा.

झाडीपट्टी: पण इनामगावची भांडी तर लहान मुलांपुरतीच. त्यांना रांजण कसं म्हणणार?

खापरी: तिथल्या एका मोठ्या माणसाचं दफन चार पायांच्या भांड्यात आहे. त्याला कुंभ म्हणाल?