विज्ञानसंवादात एमएससी: लंडन की ब्रिस्टल? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएससी केलंय, दोन वर्षं प्रयोगशाळेत काम करतेय. मागच्या पावसाळ्यात गावच्या शाळेत डबक्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. पॅरामेशियम हा एकपेशीय जीव गर्रकन वळताना पाहून सहावीतली एक मुलगी ओरडली, "बाई, हे जित्तं हाय!" त्या दिवसापासून विज्ञानसंवादाचं, म्हणजे विज्ञान सामान्य लोकांपर्यंत पोचवायचं काम करायचं असं मनात पक्कं बसलंय.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात विज्ञानसंवादाची एमएससी 1991 पासून चालते, पूर्णवेळ केली तर एक वर्षाची. ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडमध्येही असाच अभ्यासक्रम आहे. या दोन्हींपैकी कुठे कुणी शिकलंय का? प्रत्यक्ष लेखन, रेडिओ, संग्रहालयातलं काम किती करून घेतात आणि नुसता सिद्धांत किती?

माझे बहुतेक लेख मराठीत आहेत. अर्जासोबत त्यांचा इंग्रजी अनुवाद जोडला तर चालतो का, की नव्याने इंग्रजीतच लिहावं?

आणि खरी काळजी खर्चाची. घरच्यांना कर्जात टाकायचं नाही, म्हणून शिष्यवृत्तीचा अनुभव असेल तर जरूर सांगा. परत येऊन मला मराठीतच काम करायचंय.