सल्फेट, लॉरिल, लॉरेथ: अर्थ काय, फरक काय?

शाम्पूच्या मागे 'सोडियम लॉरेथ सल्फेट' असतं आणि टूथपेस्टवर 'सोडियम लॉरिल सल्फेट', हे एकच आहे का? आणि सल्फेट म्हणजे गंधकच ना?

— एकच नाही, भाऊबंद म्हणा. लॉरिल हे नाव लॉरिक आम्लावरून आलं आणि त्या आम्लाचं लॉरेल नावाच्या झाडावरून, पण आता ते झाड फक्त नावापुरतं, माल येतो खोबरेल नाहीतर पाम कर्नल तेलातून. बारा कार्बनची शेपटी, ती तेलकट मळात घुसते, आणि दुसऱ्या टोकाला सल्फेट, त्याला पाणी आवडतं, म्हणून मळ सुटून पाण्याबरोबर जातो. गंधक आहे खरा, पण चार ऑक्सिजनच्या मध्ये अडकलेला, पिवळी पूड डोळ्यासमोर आणू नका. लॉरेथ म्हणजे लॉरिल अधिक ईथर, मध्ये इथिलीन ऑक्साइडचे एक ते तीन तुकडे जोडलेले असतात. त्यामुळे ते त्वचेला लॉरिलपेक्षा सौम्य पडतं. लॉरिल इतकं हमखास चुरचुरतं की त्वचेवरच्या चाचण्यांत मुद्दाम जळजळ आणायला तेच वापरतात! पण लॉरेथ बनवताना १,४-डायऑक्सेन हे अपायकारक रसायन किंचित तयार होतं, ते नंतर काढावं लागतं, ही भानगड लॉरिलमध्ये नाही.

मग सर्फॅक्टंटला, म्हणजे अशा मळ सोडवणाऱ्या द्रव्याला, 'फेसकारक' म्हणायचं का?

— नको हो. फेस म्हणजे सफाई नाही, कमी फेसाचे सर्फॅक्टंटही मळ काढतात. काम पृष्ठताण कमी करण्याचं असतं. पाठ्यपुस्तकी 'अपमार्जक' म्हणजे डिटर्जंट, तेही तंतोतंत बसत नाही, मी तर सरळ सर्फॅक्टंटच लिहितो.

बरं, पण 'सल्फेट फ्री' शाम्पूलाही ढीगभर फेस येतोच की!

— यादी नीट वाचा, ओलेफिन सल्फोनेट नावाचा फेसाळ सर्फॅक्टंट सापडायची शक्यता आहे. सल्फेटमध्ये गंधक आणि कार्बन यांच्यामध्ये एक ऑक्सिजन असतो, सल्फोनेटमध्ये थेट जोडणी. म्हणजे लेबल खोटं नाही, पण त्यावरून शाम्पू सौम्य आहे असं मानायचं कारणही नाही. कपड्यांच्या पावडरीत तर उलटाच घोळ, मळ काढणारा बहुतेकदा सल्फोनेट, आणि यादीत जे नुसतं 'सोडियम सल्फेट' दिसतं तो मिठासारखा साधा क्षार, भरताड म्हणून घातलेला, त्याला ना फेस ना मळाशी देणंघेणं.

मला सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी आहे, मग हे सगळं बंद करू का?

— त्यासाठी नाही, सल्फा औषधं सल्फोनामाइड असतात, रचनाच वेगळी. हे वापरून त्वचा कोरडी पडत असेल तर बदला, ते कारण वेगळं.