मदत हवी आहे: जिवाणूंच्या जनुकांची नावं देवनागरीत कशी छापायची?

वाशीतल्या शाळांसाठी जिवाणूंच्या जनुकीय घटकांवर मराठी भित्तिपत्रक करतोय. दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं, प्लास्मिड आणि एपिसोम. 'प्लास्मिड' हा शब्द जनुकशास्त्रज्ञ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये गुणसूत्राबाहेरच्या कुठल्याही आनुवंशिक घटकासाठी सुचवला. १९५८ मध्ये जेकब आणि वोलमन यांनी 'एपिसोम' आणला: कधी सुटा राहणारा, कधी गुणसूत्रात शिरणारा. पण तोच घटक एका जिवाणूत शिरतो, दुसऱ्यात शिरत नाही, मग नाव बदलायचं का? म्हणून प्लास्मिडच टिकला. मी तो तसाच ठेवतोय. त्याऐवजी 'गुणसूत्रबाह्य वलय' म्हणणं चुकीचं ठरेल, कारण काही प्लास्मिड सरळ धाग्यासारखे असतात.

दुसरी अडचण मोठी. जिवाणूंच्या जनुकांना नावं देण्याच्या १९६६ च्या डेमेरेक नियमांप्रमाणे जनुकाचं नाव तीन लहान तिरक्या अक्षरांत आणि पुढे एक मोठं अक्षर. प्रथिनाचं पहिलं अक्षर मोठं, सगळं सरळ. रोमनमध्ये नजर टाकताच फरक कळतो. उदा. lacZ हे जनुक, LacZ हे प्रथिन; देवनागरीत दोन्हीकडे 'लॅकझेड'च! तिरकं करून पाहिलं, तर छपाईत 'ट्रा' (tra) या जनुकनावातला रकार शेजारच्या अक्षरावर चढतो.

सध्या 'लॅकझेड जनुक', 'लॅकझेड प्रथिन' असं दरवेळी पूर्ण लिहितोय, पण आकृतीतल्या बाणांवर ते मावत नाही. जनुकाला अधोरेखा द्यावी का? ठाणे-नवी मुंबईत मराठीतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी वर्गात काय वापरलं, ते कृपया सांगा. फलक छापायला जायच्या आत ठरवायचंय.