मदत हवी आहे: पावसाच्या प्रकल्पातून आठवीच्या मुलांना बीजगणितापर्यंत कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. आमची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकून येतात आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होतं. यंदा आठवीला प्रकल्प दिला: शाळेच्या छपरावर पडणारं पावसाचं पाणी मोजायचं.

पर्जन्यमापक बाटलीचाच केला. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवला, बुडाच्या खाचा सिमेंटने भरून सपाट केल्या, बाहेरून पट्टी चिकटवली. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "टीचर, पाणी लिटरमध्ये मोजतात, मग पाऊस मिलिमीटरमध्ये का?" प्रश्न इतका छान होता की त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला. व्हरांड्यात एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोनाला चारही बाजूंनी लाकडी रिपा लावल्या, आत प्लॅस्टिक अंथरलं आणि मोजून दहा लिटर पाणी ओतलं. पट्टी उभी धरली तर साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. हे मुलांनी स्वतः काढलं.

पुढे संगणक. सरकारच्या केअर्स योजनेमुळे सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आहे, त्यामुळे मुलांना माउसची भीती नाही. रोजचा पाऊस स्प्रेडशीटमध्ये भरला. छपराची एक बाजू ६० चौरस मीटर धरली आणि शेजारच्या रकान्यात सूत्र दिलं: बी२ (म्हणजे त्या दिवसाच्या पावसाचा खण) गुणिले ६०. सूत्र खाली ओढलं की सगळ्या दिवसांचं पाणी लिटरमध्ये हजर. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, तो घातल्यावर १,८०,००० लिटर आले, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो ऐकण्यासारखा होता.

आता अडचण. हीच मुलं फळ्यावर 'वाय = ६० एक्स' लिहिलं की गप्प होतात. बी२ समजतं, कारण तिथे बोट ठेवता येतं. "एक्स कुठे आहे?" असं विचारतात. प्रकल्पाला उत्साह भरपूर, पण पेपरात तेच गणित आलं की ओळखत नाहीत. हा पूल कसा बांधावा?

दुसरं, चौघांच्या गटात एकच जण कीबोर्ड धरून बसतो. आणि तिसरं, आमचं छप्पर उतरतं, कौलारू. क्षेत्रफळ उताराचं घ्यायचं की जमिनीवरचं, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. मला उत्तर माहीत आहे, पण ते मी सांगण्यापेक्षा मुलांनाच पटावं असं वाटतं. कुणी असं करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद – कुळागर

टीचर, तिसऱ्यापासून सुरुवात करतो. गवंड्याचा ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) आणा. छपराच्या चारही कोपऱ्यांवरून खाली सोडा, जिथे टोक येईल तिथे खुंटी ठोका आणि खुंट्यांमधला आयत मोजायला लावा. सरळ पडणारा पाऊस त्या आयताएवढाच मिळणार, उतार कितीही असो. उताराची लांबी धरणाऱ्या गटाचे लिटर जास्त येतील. त्यांना एवढंच विचारा, "हे जादा पाणी आकाशात कुठून आलं?"

एक्सबद्दल माझा अनुभव असा की स्प्रेडशीट आणि फळा यांच्या मधली एक पायरी हवी. संगणक बंद ठेवून आधी मराठीत वाक्य लिहून घ्या: 'छपराचं क्षेत्रफळ गुणिले पाऊस म्हणजे पाणी'. मग रकान्यांच्या मथळ्यातच 'पाऊस, एक्स मिमी' आणि 'पाणी, वाय लिटर' लिहा. एक्स म्हणजे एक खण नव्हे, तो अख्खा रकाना, हे तिथे दिसतं. त्यानंतर जिओजेब्रात (आलेख काढायचं सॉफ्टवेअर) तेच बिंदू टाका. संगणकावर ते नेटशिवायही चालतं. 'वाय = ए एक्स' लिहून ए चा स्लायडर ठेवा आणि रेषा बिंदूंवर बसेपर्यंत सरकवू द्या. ती ६० ला बसली की मुलं आपणहून बोलतात. मग प्रत्येकाने आपल्या घराच्या छपराची रेषा काढायची. मोठं छप्पर, उभी रेषा. गोठ्याची रेषा जवळजवळ आडवी. चढ म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

कीबोर्डसाठी आमचा नियम: ज्याने मोजलं त्याने टाइप करायचं नाही, त्याने आकडे सांगायचे.

धागाकर्ती

मनापासून आभार. ओळंबा उद्याच मागवते, गावात गवंडी आहेतच. घरच्या छपराची कल्पना फारच आवडली, फक्त काही मुलं फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्या वाट्याला छप्पर येत नाही. त्यांना काय मोजायला द्यावं? आणि गणेश चवथीच्या सुट्टीआधी माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या) चौकटीवर सहावीसाठी काही बसवायचं मनात आहे. कुणी गुणोत्तर शिकवायला माटोळी वापरली आहे का?