प्रसूतीत बाळाच्या हाताच्या नसांना इजा: वाट किती पाहावी?

प्रश्न
आमची मुलगी ५ आठवड्यांची आहे. जन्माच्या वेळी डोके बाहेर आल्यावर खांदा अडकला होता. तेव्हापासून तिचा उजवा हात अंगालगत सरळ पडून असतो, कोपर वाकत नाही आणि तळवा मागे वळलेला राहतो; मात्र तळव्यावर बोट ठेवले की ती ते घट्ट धरते. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. डॉक्टरांनी ‘अर्ब्स पाल्सी’ (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, इजा होऊन आलेला लुळेपणा) असे निदान करून वाट पाहायला सांगितले आहे. ती किती दिवस पाहायची?

उत्तर १
मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यातील वरच्या दोन नसा ताणल्या गेल्या की खांदा आणि कोपर लुळे पडतात, पण खालच्या नसा शाबूत असल्याने मुठीची पकड राहते. म्हणून तुम्ही सांगितलेली पकड हे चांगले लक्षण आहे. नस नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत ती आपोआप सावरते, परंतु तुटली असेल किंवा मज्जारज्जूपासून उपटली गेली असेल तर केवळ व्यायामाने जुळत नाही. त्यामुळे ३ महिन्यांच्या सुमारास बाळ स्वतःच्या ताकदीने कोपर वाकवते का, हे पाहणे फार महत्त्वाचे असते. माझे स्पष्ट मत असे, की या नसांच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांची भेट त्या दिवसापर्यंत लांबवू नये, आत्ताच घ्यावी. त्याच बाजूची पापणी खाली आलेली आणि बाहुली लहान दिसत असेल, तर विलंब मुळीच नको.

तोवर खांदा आखडू नये म्हणून दिवसातून अनेकदा, लंगोट बदलताना, कोपर अंगाला टेकवून हात हलकेच बाहेरच्या बाजूला वळवावा. नेमकी पद्धत प्रत्यक्ष शिकून घ्यावी. बाळाला काखेत धरून उचलू नये. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

उत्तर २
ताई, माझ्या मुलाची शस्त्रक्रिया ६व्या महिन्यात झाली. पोटरीतील नस काढून मानेत जोडली. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून कोपर वाकायला बरेच महिने लागले. खांदा आजही पूर्ण वर जात नाही. दर आठवड्याला एकाच स्थितीत हाताचे चित्रीकरण करून ठेवा. रोज पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांना न जाणवलेला फरक डॉक्टरांना त्यात दिसतो. आणि ‘मी नीट जोर लावला नाही’ असे मनात येत असेल, तर खांदा अडकणे तुमच्या हातात नव्हते, हे मी आई म्हणून सांगते.

प्रश्नकर्ती
पापणी आत्ताच पाहिली, दोन्ही डोळे सारखे आहेत. शस्त्रक्रियातज्ज्ञांची वेळ उद्याच मागते.