फर्स्ट इयरच्या मुलांना कॉम्प्युटर आणि माहिती शोधणं खरंच किती येतं, हे तपासायचं कसं?

शिकवणारी_मी:
नमस्कार मंडळी, फर्स्ट इयरला शिकवते. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच मुलांना कॉम्प्युटर कितपत येतो आणि नेटवरून माहिती काढून, पारखून वापरता येते का हे बघायचंय, म्हणजे काय शिकवायचं ते तरी ठरेल. डिपार्टमेंटने गूगल फॉर्म पाठवला होता, वर्ड येतं का, एक्सेल येतं का, सर्च येतं का, एक ते पाचमध्ये सांगा, तर जवळपास सगळ्यांनी चार नाहीतर पाच टाकलेत. आणि त्याच मुलांच्या असाइनमेंट उघडल्या तर अनुक्रमणिका हाताने टिंबं मारून केलेली आणि संदर्भ म्हणून नुसतं 'गूगल'. आता एमसीक्यू घ्यावी का प्रॅक्टिकल? मुलं दोनशेच्या वर, तपासणारे आम्ही तिघं.

सेल_ए१:
मॅडम, तो फॉर्म बाजूलाच ठेवा. एक्सेलमध्ये अजून काय काय असतं हेच ज्याला माहीत नाही तो स्वतःला पाच देणारच. डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली विनोद, तर्क आणि व्याकरण या बाबतीत हेच दाखवलं होतं, की ज्यांना कमी येतं तेच स्वतःला सगळ्यात जास्त चढवून मोजतात.

मी लॅबमध्ये एक खर्चाची शीट देतो, वीसेक ओळींची, त्यात एक आकडा मुद्दाम पुढे अपॉस्ट्रॉफी लावून टेक्स्ट म्हणून टाकलेला असतो. सम लावला की टोटल कमी येते, कारण सम तो सेल धरतच नाही. नीट बघणाऱ्याला दिसतं की बाकीचे आकडे उजवीकडे आहेत आणि हा एकटाच डावीकडे चिकटलाय, बहुतेक वेळा कोपऱ्यात हिरवा त्रिकोण पण येतो. बरीच मुलं आलेली टोटल तशीच पुढे ढकलतात, आणि मला नेमकं तेच बघायचं असतं, उत्तरावर शंका घेता येते का. मग फाइल हातात आली की मी एक आकडा बदलतो, टोटल हलली नाही म्हणजे कॅल्क्युलेटरवर काढून टाइप केलीये. वर्डमध्ये नॅव्हिगेशन पेन, म्हणजे बाजूला शीर्षकांची यादी दाखवणारी पट्टी, उघडा, रिकामा असेल तर हेडिंग स्टाइल लावलेलीच नाही, नुसतं बोल्ड करून फॉन्ट मोठा केलाय. तपासायला एका फाइलला मिनिटभर पुरतं.

वाचनकक्ष:
हे झालं कॉम्प्युटरचं, पण माहिती पारखणं वेगळं आहे, ते फाइल बघून कळत नाही. मी लायब्ररीत काम करते. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे १० अभ्यासक, १० व्यावसायिक फॅक्ट चेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी घेऊन त्यांना साइट्स तपासायला दिल्या होत्या. विद्यार्थी आणि बरेचसे अभ्यासकसुद्धा त्याच पानावर वर-खाली करत बसले, लोगो, डोमेन, दिसायला कशी आहे वगैरे, आणि फॅक्ट चेकर लगेच दुसरा टॅब उघडून ही संस्था कोण आहे, बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघायला गेले. म्हणून मुलांना एक साइट द्या, दहा मिनिटं द्या, आणि स्क्रीन रेकॉर्ड करायला सांगा. तो दुसरा टॅब उघडला का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

आणि हल्ली एआयकडून संदर्भ घेतात, तर चार संदर्भांची यादी द्या ज्यातला एक अस्तित्वातच नाही आणि एक खरा आहे पण त्यात तो मुद्दाच नाही, कुठला कुठला ते शोधा आणि कसं शोधलं ते दोन ओळीत लिहा. ते 'कसं शोधलं' मला उत्तराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

प्रयोगवही:
दोघांचं पटलं पण एमसीक्यू अगदीच टाकाऊ नाही हो. अवतरण चिन्हात शब्द टाकून सर्च केलं तर काय होतं, डेटाबेसमध्ये अँड आणि ऑरमध्ये फरक काय, हे त्यात चालतं, दोनशे मुलांचं मशीन तपासतं. फक्त पर्याय समोर दिसला की ओळखता येतो आणि रिकाम्या स्क्रीनसमोर तेच सुचत नाही, हे लक्षात ठेवा.

मूळ प्रश्न हा की तुम्हाला प्रत्येकाला मार्क द्यायचेत का नुसतं काय शिकवायचं ते ठरवायचंय? दुसरं असेल तर सगळ्यांचं प्रॅक्टिकल कशाला, चिठ्ठ्या टाकून चाळीसेक निवडा, फक्त हौशी मुलं पुढे येतील असं करू नका. आणि तिघं तपासणार असाल तर आधी तिघांनी तेच दहा पेपर वेगवेगळे तपासा, मार्क जुळतात का बघा, नाही जुळले तर निकष नीट शब्दात लिहा.

शिकवणारी_मी:
मार्क नाही द्यायचेत, शिकवायचं काय तेच ठरवायचंय, त्यामुळे चाळीसवालं जमेल. एक विचारू का, काही मुलांनी आत्तापर्यंत फक्त मोबाइलच वापरलाय, त्यांचं काय करायचं?

सेल_ए१:
त्यांना टेस्टच्या आधी अर्धा तास मशीनवर नुसतं बसू द्या, फाइल कुठे सेव्ह होते, झिप उघडून आतली फाइल बाहेर कशी काढायची एवढंच दाखवा. नाहीतर माउस धरता येत नाही म्हणून वेळ जातो आणि तुम्हाला वाटतं माहिती पारखता येत नाही. आणि वेळ संपला म्हणून राहिलेलं आणि आलंच नाही म्हणून राहिलेलं, शीटवर वेगळं नोंदवा.